कांबळे मेकचे काटे

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘सर्व प्रकारचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं होतं. ती पाटी वाचून नांदेडचे लोक मिक्सर घेऊन यायचे, इस्त्री घेऊन यायचे. एकदा एक आजोबा कानाचं यंत्र घेऊन आले आणि दुरुस्त झाल्यावर ‘आता ऐकू येतंय हे सुनेला सांगू नका’ म्हणून हात जोडून गेले. दुकान माझं आणि मुनीरभाईंचं. मी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली, मुनीरभाई पिढीजात घड्याळजींच्या घरातले. बाईमाणूस आणि मुसलमान भागीदार, हे दुकान वर्षभरही टिकायचं नाही, असं माझ्या सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत दुकान टिकलं. सासरे तेवढे टिकले नाहीत.

निवृत्त माणसाला लोक विचारतात, तुम्ही नेमकं करत काय होता? काटे दुरुस्त करायचो, असं सांगितलं की स्प्रिंग, तराजू, वजनाची मापं असलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं येतं. म्हणून आधी थोडं समजावून सांगते. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, काट्याच्या वरच्या डब्यात एक कार्ड असतं, कार्डावर एक चिप, आणि चिपमध्ये काट्याचा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम म्हणजे नुसती आकड्यांची लांबलचक रांग, आकडा म्हणजे चिपला दिलेला हुकूम. ज्यानं काटा बनवला त्याच्याकडं तोच प्रोग्रॅम वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेला असतो, पण तो विकतो फक्त आकडे. बनवणारा असेल तोवर ठीक. तो नसला की हातात आकड्यांशिवाय काही उरत नाही, आणि त्या आकड्यांचे पुन्हा हुकूम करायला दुसरा एक प्रोग्रॅम लागतो. त्याला डिसअसेंब्लर म्हणतात. मुनीरभाईंनी त्याचं नाव ‘दुभाष्या’ ठेवलं होतं आणि दुकानात तेच चाललं.

आमच्या भागात मोंढ्यांतले निम्मे काटे कांबळे मेकचे होते. कांबळे सर आधी आयटीआयला शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी लातूरला एक पत्र्याची शेड घेतली आणि काटे बनवायला सुरुवात केली. बाहेरच्या कंपनीचा काटा हमालाला इंग्रजीत काहीतरी सांगायचा आणि हमाल आडत्याच्या तोंडाकडं बघायचा. सरांचा काटा मराठीत बोलायचा. पडद्यावर अक्षरं इंग्रजीच, पण शब्द ‘थांबा’, ‘काटा रिकामा करा’, ‘तयार’. सातवीपर्यंत शिकलेला हमालसुद्धा ते लावून लावून वाचायचा आणि आनंदानं ओरडायचा. नांदेड भागातली दुरुस्ती सरांनी आम्हाला दिली होती. दुरुस्ती म्हणजे तरी काय, बिघडलेलं कार्ड काढायचं, एसटीच्या पार्सलनं लातूरला पाठवायचं आणि सरांकडून आलेलं कार्ड परत बसवायचं. आत काय आहे हे आम्हाला कधी बघावंच लागलं नाही.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गणपती विसर्जन झाल्यावरची ती पहाट. मूग-उडदाच्या हंगामाची कामं अडली म्हणून सर त्या रात्री लातूरला शेडमध्येच मुक्कामाला राहिले होते. आई आणि बायको, सुमनबाई, सरांच्या गावी, भूकंपाच्या पट्ट्यातच होत्या. दोघीही ढिगाऱ्याखालून निघाल्या, पण जिवंत निघाल्या नाहीत.

मी आणि मुनीरभाई पंधरा दिवसांनी भेटायला गेलो. तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत सर गुडघे जवळ घेऊन बसले होते. आम्ही ब्लँकेटं आणि भांडी नेली होती, ती एका कोपऱ्यात ठेवली. तिथं आधीच ब्लँकेटांचा ढीग होता. कामाचं आम्ही काही काढलं नाही. आमच्याकडं दु:खातल्या माणसापुढं धंद्याचा शब्द काढत नाहीत, तेवढा लिहाज पाळायचाच असतो. परतीच्या गाडीत मी म्हणाले, “मुनीरभाई, दुकानात सात-आठ कार्डं पडलीत. सरांना कधी विचारायचं?”

“जाऊ द्या ताई,” ते म्हणाले. “आदमी गमात हाय. त्याला आन् कशाला तकलीफ द्यायची? आपलं आपण पाहू.”

मला ते पटलं. आजही तो क्षण आठवला की वाटतं, त्या वेळी कुणालाही तेच पटलं असतं.

आपलं आपण पाहू म्हणजे दुभाष्या लिहिणं आलं. एक जुना संगणक मिळवला आणि मी तो लिहिला. चिपमधला एकेक आकडा घ्यायचा, तो कोणत्या हुकमाशी जुळतो ते बघायचं आणि शब्दांत छापायचं. सुरुवातीला जमलं. पण कांबळे मेकचं कार्ड लावलं की थोडं अंतर नीट चालून दुभाष्या बरळायला लागायचा. नको तिथं उड्या, अर्थ नसलेले हुकूम. समोर आडत्या छातीवर बसलेला असायचा, काटा बंद, ट्रॅक्टर उभे. मग आम्ही हातानं शोधून काढायचो की गाडी कुठं घसरली, आणि तिथं एक अपवाद लिहायचो. अहमदपूरचं कार्ड असेल तर या जागेपासून त्या जागेपर्यंत वाचू नकोस. धर्माबादचं असेल तर ही जागा सोड. मुनीरभाईंना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, पण अपवाद घालायला ते असे काही शिकले की माझ्या मूळ प्रोग्रॅमपेक्षा त्यांचे अपवाद जास्त झाले. बघता बघता दुभाष्यात सगळा नांदेड आणि लातूर जिल्हा येऊन बसला.

या काळात लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली होस्टेलं, मेस, डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या पोरांच्या फोटोंचे फलक. आमच्याकडं क्लासवाल्यांचीही कामं यायला लागली. एका संचालकांनी तासाची इलेक्ट्रॉनिक घंटा आणली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, तास पन्नास मिनिटांचाच ठेवा, पण भिंतीवरच्या घड्याळात साठ दिसले पायजेत. पालक येऊन राहिलेत बघायला.” मी त्यांना वाटेला लावलं. मुनीरभाईंना घड्याळजीच्या रक्तामुळं इतका राग आला होता की त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. पुढं कळलं की कांबळे सरांची शेडही एका क्लासनं भाड्यानं घेतलीय. जिथं काटे जुळायचे तिथं आता बाकं लागली होती, आणि सर शिरूर अनंतपाळला बहिणीकडं राहायला गेले होते. कुणी भेटलं की आम्ही त्यांची चौकशी करायचो. “हायेत. बोलत न्हाईत जास्त,” असं उत्तर यायचं, आणि आम्ही पुन्हा लिहाज पाळायचो.

नव्व्याण्णव साली अहमदपूरच्या मोंढ्यातून फोन आला. वजनमापवाल्या निरीक्षकांनी काट्याला पुढच्या सालापर्यंतचा शिक्का दिला, ते साल काट्यात भरलं, आणि भरताक्षणी काटा म्हणाला, ‘मुदत संपली’. त्यानंतर त्यानं एक पोतं तोललं नाही. आम्ही गेलो तर निरीक्षक लालबुंद होऊन उभे. “शिक्का मी दिला आन् हा मलाच न्हाई म्हणून राहिला!” सरांनी सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले होते. शिक्का शून्य-शून्य सालापर्यंतचा, आज नव्व्याण्णव, म्हणजे काट्याच्या हिशेबानं मुदत कधीच उलटून गेली. शिक्के एकामागून एक पडत जाणार होते आणि एकेक मोंढा बंद पडत जाणार होता. सगळ्या बाजार समित्यांची बैठक झाली, आणि सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत काटे चालले नाहीत तर कांबळे मेकचे सगळे काटे भंगारात, असं आम्हाला सांगण्यात आलं.

सालाची तुलना प्रोग्रॅममध्ये कुठं आहे ते शोधायचं, बदलायची आणि चिप नव्यानं भरायची. म्हटलं तर सोपं काम. पण सरांनी दर वर्षी काट्यात काही ना काही सुधारणा केलेली, त्यामुळं प्रत्येक गावाचा प्रोग्रॅम वेगळा आणि प्रत्येक ठिकाणी दुभाष्या वेगळ्या जागी घसरणार. एका गावासाठी घातलेला अपवाद दुसऱ्या गावाचा चांगला हुकूम गिळायला लागला होता. मी मुनीरभाईंना सांगितलं, आता सगळे अपवाद काढायचे आणि जुळणी पहिल्यापासून नीट लिहायची.

“ताई, चालतंय ते चालू द्या. एकेक अपवाद घालाया रातीचा दिस केलाय आपण.”

“म्हणूनच काढायचे.”

ते दोन दिवस माझ्याशी तुटक वागले. त्यांचं बरोबरच होतं. ते अपवाद म्हणजे त्यांची कमाई होती.

आमच्या धंद्यातलं हे थोडं किचकट आहे, पण सांगते. प्रत्येक आकडा आठ खुणांचा बनलेला असतो, खूण एकतर चालू नाहीतर बंद. काही हुकमांच्या आठही खुणा ठरलेल्या असतात. काहींच्या दोनच ठरलेल्या, बाकी काहीही चालतं. ‘इथून उचल, तिथं ठेव’ हा हुकूम असा ऐसपैस पसरलेला आहे, आणि त्याच्याच पोटात एक जागा ‘थांब’ या हुकमाची आहे. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या एका जागेसाठी वेगळी ओळ होती, आणि अशा वेगळ्या ओळींचीच पुढं रांग लागली होती. आता मी सगळ्या हुकमांचा एकच तक्ता केला. ज्याच्या खुणा जास्त ठरलेल्या तो आधी जुळवून बघायचा, ऐसपैस हुकूम सगळ्यात शेवटी. पोस्टमन आधी घरनंबर बघतो आणि नंबर नसेल तर नुसत्या गल्लीवरून अंदाज करतो, तसंच. एवढं केल्यावर ‘थांब’चा अपवाद आपोआप गेला, आणि त्याच्या मागं असलेले पुष्कळ गेले.

गावांचे अपवाद मात्र तसेच होते. मग मी सगळ्या गावांचे छापील कागद दुकानाच्या फरशीवर शेजारी शेजारी पसरले आणि प्रत्येक ठिकाणी गाडी घसरण्याच्या जरा आधी काय आहे ते बघत गेले. सगळीकडं एकच छोटा हुकूम होता. चिपच्या माहितीपुस्तकात तो बाहेरची घंटी वाजली तर वापरायचा म्हणून दिलेला, त्यामुळं आम्ही त्याच्याकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. सरांनी तो ‘यापुढची अक्षरं पडद्यावर दाखव’ यासाठी घेतला होता. त्याच्या पाठीला लगेच अक्षरं, आणि शेवटच्या अक्षरावर एक जास्तीची खूण, सूचना संपली म्हणून. दुभाष्या त्या अक्षरांनाही हुकूम समजत होता. ‘थांबा’ वाचताना काही बिघडायचं नाही, पण ‘तयार’मधल्या शेवटच्या अक्षराचा त्या खुणेमुळं उडी मारायचा हुकूम व्हायचा आणि तो पुढचे दोन आकडे खाऊन टाकायचा. गावोगावचे आमचे अपवाद म्हणजे इतकंच होतं. सरांची एक सवय, आणि आम्ही तिला तऱ्हेवाईकपणा समजत आलो होतो.

मी तक्त्यात एक ओळ वाढवली आणि तिचं नाव ‘कांबळे’ ठेवलं. सगळ्या गावांचे अपवाद पुसले. अहमदपूरचं कार्ड लावलं, कागद सरसर बाहेर आला, आणि त्यात जागोजागी सरांचे शब्द. मी मोठ्यानं वाचत गेले. “काटा रिकामा करा. पुन्हा ठेवा. थांबा. तयार.” मुनीरभाई स्टुलावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. सर दुकानात येऊन बोलायला लागल्यासारखं आम्हा दोघांनाही वाटलं.

एकच आकडा उरला. आठ. आमच्या पुस्तकात त्या जागी हुकूमच नव्हता, जागा रिकामी. मुनीरभाईंनी पूर्वी तिथं ‘काही नाही असं समज’ असा अपवाद घालून ठेवला होता. पण सालाच्या तुलनेत नेमका तोच आकडा होता. दोन्ही सालं उचलली, मग आठ, मग उत्तर कमी आलं की जास्त ते बघितलं. मध्ये काही घडलंच नाही तर उत्तर कसलं? वजनाच्या हिशेबातही जिथं तिथं तो होता. अंदाजानं लिहिलं आणि पोत्यामागं अर्धा किलो चुकला तर हमालाच्या मानेवर यायचं.

“आता विचाराया पायजे,” मुनीरभाईच म्हणाले.

नांदेडहून अहमदपूर, तिथं गाडी बदलून पुढं, असे आम्ही शिरूरला पोचलो. पिशवीत कार्ड आणि कागद होते, वर केळी आणि पेढे. विमलबाईंनी, सरांच्या बहिणीनं, बसायला दिलं. सर खूप वाळले होते. आम्ही पावसापाण्याचं बोललो, तुरीचं बोललो, मुनीरभाईंच्या मुलीच्या लग्नाचं बोललो. सर मान हलवत होते. चहा झाला. मुनीरभाई माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं, आणि कुणाचीच जीभ रेटेना. शेवटी केळी काढताना कार्ड वर आलं आणि सरांना दिसलं.

“हे अहमदपूरचं का?” ते म्हणाले. “सहाव्या खेपेचं. अजून चालू हाय?”

मी कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आठाचं विचारलं.

“वजाबाकी हाय ती,” ते लगेच म्हणाले. “पुऱ्या मोठ्या आकड्याची, एका झटक्यात. बुकात छापली न्हाई, पण चिपमध्ये हाय. मी एकेक आकडा देऊन पाहिलं होतं, काय करून राहिली म्हणून. जागा वाचती.” मग साल कसं सुधारायचं तेही त्यांनीच सांगितलं. पन्नासच्या खालचं साल आलं की आधी शंभर मिळवा, मग वजा करा. पेन मागून घेतलं, कागदावर रेघा मारल्या, कोणत्या खेपेत ते कुठं आहे ते सांगत गेले. विमलबाई दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या.

सरांनी जुना कागदही मागितला, गावांच्या अपवादांचा. अहमदपूर, धर्माबाद करत बोट फिरवत ते खाली गेले आणि हसले. “मुनीरभाई, हे सगळं तुम्ही शोधत बसलात? अर्ध्या चहात सांगितलं असतं की मी.”

“सर, तुम्ही गमात होता. आम्ही लिहाज केला.”

“हाव,” सर म्हणाले. “लई केला. सगळेच आले. कुणी भाकरी आणल्या, कुणी ब्लँकेटं आणली. भंतेजी आले, पुढारी आले. मशीन घेऊन कुणी आलं न्हाई. मला वाटलं, माझे काटे बंदच पडले असतील.”

सहा वर्षं हा माणूस नांदेडपासून एका दिवसाच्या अंतरावर बसून होता, आणि आम्ही फरशीवर कागद पसरून त्याच्या मनातलं ओळखायचा प्रयत्न करत होतो. एकही दिवस असा गेला नव्हता की त्याचं एखादं कार्ड आमच्या टेबलावर नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पेढ्यांचा पुडा तसाच पिशवीत राहिला.

सगळे काटे आवकीच्या आत सुरू झाले. सर दर आठवड्याला एसटीनं दुकानात यायला लागले. मुनीरभाईंचं आणि त्यांचं सोल्डरिंगच्या सळईच्या टोकावरून भांडण व्हायचं, ते ऐकायला शेजारचा चपलेचा दुकानदार येऊन बसायचा. पण हे सुख दोन-तीन हंगामांचंच. एका सकाळी विमलबाईंचा फोन आला की सर झोपेतच गेले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांचे काटे आले, स्वस्त, बिघडला तर फेकून द्यायचे, आणि कांबळे मेक एकेक करून भंगारात गेले. दुभाष्याचा तो तक्ता माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम आहे. त्याला वाचायला आता काही उरलं नाही. त्याचंही एवढं वाटत नाही. ती सहा वर्षं वाया गेली याचं वाटतं, आणि ते काही केल्या जात नाही.

दोन वर्षांपूर्वी मुनीरभाईंची बायको, आमच्या शबाना भाभी, गेल्या. मुनीरभाई भिंतीला टेकून बसले ते बसलेच. जेवण शेजारून येत होतं, माणसं येत होती, खाली मान घालून बसत होती आणि जात होती. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडं गेले. सगळी रास उपसली तेव्हा तळाशी एक कांबळे मेकचा डबा सापडला, काच फुटलेला. तो पिशवीत घालून मी मुनीरभाईंच्या घरी गेले आणि भरल्या बैठकीत त्यांच्यासमोर ठेवला. त्यांच्या मेव्हण्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता उठवून लावतील.

मुनीरभाईंनी डब्याकडं पाहिलं. मग हात लांबवून तो जवळ ओढला आणि उलटा केला.

“कुणाचा हाय?”

“अहमदपूरचा,” मी धडधडीत खोटं बोलले. “गिऱ्हाईक खोळंबलंय. उद्या पाहिजे म्हणतोय.”

“उद्या?” ते म्हणाले. “असं कसं उद्या? ... चष्मा कुठं हाय माझा?”